पुढचं इंजिन, मागचा बँकर

कसाऱ्याला गाडी थांबते, मागून एक हलका धक्का बसतो आणि डब्यातला नेहमीचा प्रवासी वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणतो, "बँकर लागला." तिथून इगतपुरीपर्यंत सदतीस फुटांना एक फूट अशी चढण. पुढचं इंजिन ओढतं, मागचे बँकर म्हणजे जादा इंजिनं रेटतात, बोगद्यामागून बोगदे सरतात आणि गाडी आमच्या फलाटाला टेकली की बँकर सुटतात. थळ घाटातली ही वाट 1865 पासून वाहती आहे. पूर्वी इथे आणखी एक काम चालायचं. मुंबईकडून येणारी वीज 1500 व्होल्ट डीसी, इगतपुरीच्या पुढची 25,000 व्होल्ट एसी. म्हणून कित्येक गाड्यांची पॉवर इथे बदलायची. जुनं इंजिन सुटून बाजूला व्हायचं, नवं हळूहळू येऊन टेकायचं, कपलिंग व्हायचं, ब्रेकच्या नळ्या जोडायच्या, प्रेशर तपासायचं आणि मगच सिग्नल. तेवढा वेळ सगळी गाडी शांत उभी. प्रवासी उतरून वडा-चहा करायचे. घाईत असलेल्यालाही त्या थांब्याचा राग येत नसे, कारण घाट चढून आलेल्या गाडीला हा वेळ द्यावाच लागतो, हे सगळ्यांना कळत होतं.

गेल्या काही वर्षांतला भारतीय क्रिकेटमधला सर्वांत गाजलेला खेळाडूंचा सौदा मी याच फलाटावरून वाचत आलो आहे. 27 नोव्हेंबर 2023 रोजी हार्दिक पंड्या गुजरात टायटन्सकडून मुंबई इंडियन्सकडे परत आला, तो सौदा. त्याच्यावर बोलणारे सगळे एक तर संतापून बोलले किंवा हिशेब मांडून बोलले. एखादी बंदिश ऐकताना आपण स्थायी, अंतरा, लय, समेवर येणं असं एकेक अंग चाखतो, तसा हा सौदा फारसा कुणी चाखला नाही. तो तसा चाखण्याजोगा आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे.

आधी त्याचं बाह्यरूप. 26 नोव्हेंबर ही खेळाडू राखण्याची शेवटची तारीख. त्या संध्याकाळी गुजरातने जाहीर केलेल्या यादीत हार्दिकचं नाव राखलेल्या खेळाडूंमध्ये होतं. दुसऱ्या दिवशी तो मुंबईचा झाला. मोबदल्यात खेळाडू गेला नाही, व्यवहार रोख होता. हार्दिकची 15 कोटींची किंमत गुजरातच्या खात्यातून उतरून मुंबईच्या खात्यावर चढली. संघमालकांमध्ये अशा वेळी ठरणारी वेगळी हस्तांतर रक्कम जाहीर केली जात नाही आणि ती पर्समध्येही धरली जात नाही. वरवर पाहता एक ओळीचा व्यवहार.

पण आयपीएलमध्ये पर्स ठरलेली असते. त्या मोसमासाठी ती प्रत्येक संघाला 100 कोटी होती. 15 कोटी देऊन लिलावासाठीही पैसा उरेल एवढी जागा मुंबईच्या पर्समध्ये नव्हती. ती झाली कॅमेरून ग्रीनमुळे. 17.50 कोटींना घेतलेला हा ऑस्ट्रेलियन अष्टपैलू मुंबईने बंगळूरला दिला, तोही रोखीने. म्हणजे कागदावर दोन स्वतंत्र व्यवहार आणि प्रत्यक्षात एकच अदलाबदल: ग्रीन जाऊन हार्दिक आला. या सौद्याची खरी कारागिरी मला इथे दिसते. ग्रीन काही टाकाऊ खेळाडू नव्हता. त्याच वर्षी 21 मे रोजी वानखेडेवर त्याने हैदराबादविरुद्ध 47 चेंडूंत शतक ठोकून मुंबईला बाद फेरीच्या दारापर्यंत नेलं होतं. तरीही मुंबईने त्याला सोडलं, कारण अकरा जणांत परदेशी खेळाडू चारच घेता येतात. ग्रीन त्यातली एक जागा अडवतो, हार्दिक अडवत नाही. वेगवान गोलंदाजी करणारा आणि अखेरच्या षटकांत सामना फिरवणारा भारतीय खेळाडू देशात शोधून दुसरा सापडत नाही. या एका चालीत मुंबईने तो मिळवला, एक परदेशी जागा मोकळी केली आणि वर अडीच कोटी वाचवले. बुद्धिबळात अशी चाल पाहिली की समोर बसलेला प्रतिस्पर्धीही मान हलवतो.

खेळाडूंची अशी देवघेव हा अमेरिकेतल्या बेसबॉलचा जुना धंदा. तिथे तारांकित फलंदाजाच्या बदल्यात बहुधा उगवती मुलं घेतात. ऑगस्ट 2022 मध्ये वॉशिंग्टनने हुआन सोटो सॅन डिएगोला दिला आणि अजून पुरते न पिकलेले अनेक तरुण खेळाडू पदरात घेतले. आजचा दाणा देऊन उद्याचं बियाणं घ्यायचं. आमच्या भातशेतीच्या तालुक्यात हा हिशेब वेगळा समजावून सांगावा लागत नाही. आयपीएलमध्ये मात्र बियाणं म्हणजे लिलावात खर्चायला मोकळा झालेला पैसा. हार्दिकला सोडल्यावर डिसेंबर 2023 च्या दुबईतल्या लिलावात गुजरात 38.15 कोटी घेऊन बसला होता.

आपल्याकडचा इतिहास आयपीएलपेक्षा जुना आणि वेगळा आहे. सांगलीचे विजय हजारे महाराष्ट्राकडून खेळले आणि मग बडोद्याच्या दरबाराच्या आश्रयाने बडोद्याचे झाले. सी. के. नायडू होळकरांच्या इंदूरला गेले. तेव्हा त्याला सौदा म्हणत नसत, नोकरी म्हणत. आयपीएलने 2009 मध्ये देवघेवीची खिडकी उघडली आणि पहिल्याच वर्षी आपल्या श्रीरामपूरचा झहीर खान बंगळूरकडून मुंबईकडे आला, बदल्यात रॉबिन उथप्पा गेला. डावखुरा गोलंदाज हवा होता, मिळाला. कुठेही आग लागली नाही. मग हार्दिकच्याच येण्याने एवढी आग का लागली? हे समजायला खेळाडूकडे जवळून पाहावं लागतं.

हार्दिक 2015 मध्ये 10 लाखांना मुंबईत आला. बडोद्याचा, किरण मोरे यांच्या अकादमीत घडलेला पोरगा. त्या मोसमात वानखेडेवर कोलकात्याविरुद्ध त्याने 31 चेंडूंत नाबाद 61 केल्या आणि मुंबईने सामना पाच धावांनी जिंकला. त्याच्या फटक्याचा रस त्याच्या शांतपणात आहे. तो क्रीझमध्ये खोल उभा राहतो, डोकं हलत नाही, पाय फारसे पुढे येत नाहीत. पूर्ण टप्प्याचा चेंडूही त्याला थोडा उशिरा, थोडा बॅटखाली मिळतो आणि मनगटाच्या शेवटच्या झटक्याने तो सरळ लाँग-ऑनच्या डोक्यावरून जातो. त्याच्या षटकारात ओढाताण दिसत नाही. 2019 मध्ये ईडन गार्डन्सवर 233 धावांचा पाठलाग करताना त्याने 34 चेंडूंत 91 केल्या, त्यात नऊ षटकार. मुंबई हरली, पण तो डाव ज्याने पाहिला त्याला हरल्याचं वाईट फारसं वाटलं नसेल. त्या मोसमात त्याच्या 402 धावा होत्या आणि स्ट्राइक रेट 191.

म्हणजे तो बँकर होता. रोहित शर्मा पुढे, डाव ओढत नेणारा. मग मधली फळी. आणि शेवटच्या पाच षटकांची चढण आली की मागून हार्दिक आणि पोलार्ड रेटणार. 2015, 2017, 2019 आणि 2020 या मुंबईच्या चारही विजेतेपदांत तो होता.

2022 च्या महालिलावाआधी फक्त चार खेळाडू राखता येत होते. मुंबईने रोहित, बुमराह, सूर्यकुमार आणि पोलार्ड राखले. पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर हार्दिक मुंबईसाठी दोन मोसम गोलंदाजी करू शकला नव्हता. त्याला सोडलं गेलं आणि नव्याने आलेल्या गुजरातने 15 कोटी देऊन कर्णधार केलं. तिथे त्याच्यात झालेला बदल जाणकाराने नीट पाहावा. 2022 मध्ये तो वरच्या क्रमांकावर आला, 487 धावा केल्या आणि स्ट्राइक रेट 131 वर उतरला. आकड्यांत ही घसरण दिसते. खरं म्हणजे त्याने आपली जागा बदलली होती. मागून रेटणारा आता पुढे राहून अख्ख्या डावाचा भार ओढत होता. अंतिम सामन्यात त्याने राजस्थानचे तीन बळी 17 धावांत घेतले, 34 धावा केल्या आणि पहिल्याच वर्षी करंडक उचलला. पुढच्या वर्षी गुजरात पुन्हा अंतिम सामन्यात होता आणि शेवटच्या दोन चेंडूंवर जडेजाने षटकार आणि चौकार मारून तो चेन्नईला दिला.

आमच्याकडे दोन्ही विजेवर चालणारी इंजिनं नंतरच्या काळात आली. तार बदलली तरी ती थांबत नसत, आतली जोडणी बदलून पुढे निघत. मुंबईला हार्दिकमध्ये तसं इंजिन दिसलं असणार: शेवटी रेटणाराही आणि पुढे ओढणाराही. यात धोका होता आणि तो उघड होता. 19 ऑक्टोबर 2023 रोजी पुण्याजवळ गहुंजे इथे बांगलादेशविरुद्धच्या विश्वचषक सामन्यात स्वतःच्याच गोलंदाजीवर चेंडू अडवताना त्याचा घोटा दुखावला होता. सौदा झाला तेव्हा तो खेळत नव्हता. दुखऱ्या घोट्यावर 15 कोटी लावणं हे धाडस होतं आणि त्या धाडसाला मी दाद देतो.

चूक घडली पुढच्या अठरा दिवसांत. 15 डिसेंबरला मुंबईने हार्दिक कर्णधार झाल्याचं जाहीर केलं. 2013 पासून गाडी ओढणारा, पाच करंडक आणणारा रोहित एका निवेदनात पुढच्या इंजिनावरून उतरला. इथे 2013 सालच आठवावं. तेव्हा मोसम ऐन मध्यावर होता आणि रिकी पाँटिंगच्या धावा होत नव्हत्या. पाँटिंग स्वतः बाजूला झाला, रोहितच्या हाती संघ आला आणि मुंबईने आपला पहिला करंडक जिंकला. बदल ऐन घाटात झाला होता, तरी गाडी मागे सरकली नाही. उतरणाऱ्याने आपण होऊन कपलिंग सोडलं होतं आणि तो संघातच राहून नव्याच्या पाठीशी उभा होता. सगळ्यांनी ते पाहिलं होतं. दहा वर्षांनी झालेल्या बदलात लोकांना दिसला तो फक्त कागद.

24 मार्च 2024 रोजी अहमदाबादला पहिला सामना. गुजरातच्या 168 धावांपुढे मुंबई 162 वर थांबली. हार्दिकने गोलंदाजीची सुरुवात बुमराहऐवजी स्वतः केली आणि फलंदाजीला सातव्या क्रमांकावर येऊन चार चेंडूंत 11 केल्या. एकाच सामन्यात तो पुढचं इंजिनही झाला आणि मागचा बँकरही, आणि दोन्हीकडून जोर कमी पडला. तीन दिवसांनी हैदराबादने दहा षटकांत 148 आणि वीस षटकांत 277 धावा कुटल्या. 1 एप्रिलला वानखेडेवर नाणेफेकीच्या वेळी हुर्यो इतकी झाली की समालोचक संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना नीट वागायला सांगावं लागलं. स्वतःच्या मैदानावर स्वतःच्याच कर्णधाराची हुर्यो. मुंबईच्या क्रिकेटवर प्रेम करणारा म्हणून सांगतो, ते ऐकताना मान खाली गेली. रोहितच्या मानासाठी भांडायचा हक्क प्रेक्षकाला आहे. ज्याने स्वतः ना सौदा लिहिला ना निवेदन काढलं, त्याच्या अंगावर तो राग काढायचा हक्क कुणालाही नाही.

मोसम संपला तेव्हा हार्दिकच्या नावावर 216 धावा आणि 11 बळी होते. बंगळूरच्या ग्रीनच्या नावावर 255 धावा आणि 10 बळी. तराजूची पारडी जवळजवळ एका रेषेत. फरक एवढाच की सलग सहा सामने जिंकून बंगळूर बाद फेरीत गेलं आणि मुंबई चौदांपैकी चार सामने जिंकून तळाला, दहाव्या स्थानी राहिली.

इथेच थांबून निकाल देणारे पुष्कळ आहेत. त्यांनी एक पान मागे उलटावं. 2022 मध्ये रोहितच्या हाताखालीही मुंबई चारच सामने जिंकून दहावी आली होती. 2023 मध्ये सावरून दुसऱ्या क्वालिफायरपर्यंत पोचली आणि अहमदाबादला हरली. हार्दिकच्या हाताखाली 2024 मध्ये दहावी, 2025 मध्ये दुसरा क्वालिफायर, हार पुन्हा अहमदाबादलाच. त्या 2025 च्या मोसमात लखनौविरुद्ध 36 धावांत पाच बळी घेऊन आयपीएलमध्ये डावात पाच बळी घेणारा पहिला कर्णधार हार्दिकच ठरला. दोन कर्णधार, दोन-दोन वर्षं आणि तक्ता हुबेहूब सारखा. गुणतक्त्याच्या तराजूवर हा सौदा ना फायद्याचा ठरतो ना तोट्याचा. तो तोलायला दुसरं वजन लागेल, आणि ते मुंबईत सापडत नाही. ते बार्बाडोसमध्ये सापडतं.

29 जून 2024, ब्रिजटाउन. टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना. कर्णधार रोहित. भारताच्या 176 धावांचा पाठलाग करताना दक्षिण आफ्रिकेला 24 चेंडूंत 26 धावा हव्या होत्या आणि क्लासेन 52 वर खेळत होता. घाटातली सगळ्यांत उभी चढण ती. रोहितने चेंडू हार्दिकच्या हाती दिला. पहिलाच चेंडू, हळू आणि ऑफ यष्टीच्या बराच बाहेर. क्लासेनने हात लांब केले, बॅटची कड लागली आणि पंतने झेल घेतला. या चेंडूत वेगाचं नावही नाही. समोरच्याची घाई ओळखून त्याला अर्ध्या क्षणाने थांबायला लावणारी ती समज आहे, आणि अनेक मोसम शेवटच्या षटकांत वावरल्याशिवाय ती येत नाही. त्या षटकात चारच धावा गेल्या.

अखेरच्या षटकात 16 हव्या होत्या. पुन्हा हार्दिक. पहिला चेंडू फुलटॉस, मिलरने तो उचलला आणि लाँग-ऑफच्या सीमारेषेवर सूर्यकुमारने चेंडू आत फेकून, बाहेर जाऊन, परत आत येऊन झेल घेतला. दुसऱ्या चेंडूवर रबाडाच्या बॅटची कड घेऊन चौकार गेला. हार्दिकचा चेहरा तसाच. षटकात एकूण आठ धावा गेल्या, रबाडाही बाद झाला आणि भारत सात धावांनी जगज्जेता. हार्दिकचे आकडे तीन षटकं, 20 धावा, तीन बळी. तो डोळे पुसत मुलाखत देत असताना रोहितने येऊन त्याच्या गालाचा मुका घेतला. तीन महिन्यांपूर्वी ज्या दोघांच्या नावाने वानखेडे दुभंगलं होतं, तेच हे दोघे. 4 जुलैला मरीन ड्राइव्हवरून विजययात्रा वानखेडेवर आली आणि त्याच स्टेडियमने हार्दिकच्या नावाचा गजर केला.

त्या रात्री पुन्हा पुन्हा मनात आलं ते हेच: पुढे रोहित, मागे हार्दिक. पुढचं इंजिन ओढत होतं, बँकर रेटत होता आणि घाट सर झाला. तीच दोन इंजिनं होती, फक्त जोडणी बरोबर होती.

बेसबॉलमधल्या सर्वांत प्रसिद्ध सौद्याचं मर्मही हेच आहे. डिसेंबर 1919 मध्ये बोस्टन रेड सॉक्सने बेब रूथ न्यूयॉर्क यांकीजला एक लाख डॉलरला विकला. बोस्टनमध्ये त्याचं नाव झालं ते आधी पिचर म्हणून, म्हणजे आपल्याकडच्या गोलंदाजासारखा. शेवटच्या वर्षी त्याने 29 होम रन मारले आणि तो उच्चांक होता. न्यूयॉर्कने त्याच्याकडून चेंडू जवळजवळ काढूनच घेतला आणि हाती बॅट ठेवली. 1920 मध्ये त्याने 54 मारले. 1918 च्या विजेत्या बोस्टनला पुढचं जगज्जेतेपद 2004 मध्ये मिळालं. माणूस तोच होता. यांकीजनी किंमत मोजून त्याला आणलं आणि आणल्यावर त्याची नेमकी जागा शोधली. हे दुसरं काम पहिल्याहून अवघड असतं, आणि ते कोणत्याही करारात लिहिलेलं नसतं.

आता माझा निकाल. हार्दिकला परत आणण्याचा सौदा उत्तम होता. ग्रीनच्या बदल्यात भारतीय अष्टपैलू, मोकळी झालेली परदेशी जागा, वाचलेले अडीच कोटी आणि पुढच्या पाच-सात वर्षांचा विचार, या चारही अंगांनी तो सरस ठरतो. 2024 च्या अपयशाचं खापर त्या सौद्यावर फोडणं अन्याय आहे. दोष आहे तो पॉवर बदलण्याच्या घाईचा. निदान एक मोसम हार्दिक रोहितच्या मागे बँकर म्हणून लागला असता, रोहितने सगळ्यांदेखत आपण होऊन कपलिंग सोडलं असतं, तर वानखेडेवर ती हुर्यो झाली नसती असं मला ठामपणे वाटतं. खेळाडू एका कागदाने येतो. त्याच्याबद्दलचा विश्वास मात्र ब्रेकच्या प्रेशरसारखा नळ्या जोडल्यावर हळूहळू भरतो, आणि तो पुरता भरला की नाही हे पाहायला गाडी उभी करावी लागते.

सौदे थांबणार नाहीत. नोव्हेंबर 2025 मध्ये संजू सॅमसन 18 कोटींना चेन्नईत, आपल्या पुण्याच्या ऋतुराजच्या संघात आला आणि जडेजा 14 कोटींना राजस्थानला गेला. पालघरचा शार्दूल ठाकूर 2 कोटींना मुंबईकडे आला. दरवर्षी नवी नावं येतील, कोटींचे आकडे वाढतील. वाचकहो, पुढचा सौदा तोलताना रक्कम जरूर पाहा, धावा आणि बळी पाहा. पण त्याआधी विचारा की येणारा गाडीच्या कुठल्या टोकाला लागणार आहे, आणि उतरणाऱ्याचा मान कसा राखला गेला आहे. या दोन प्रश्नांची उत्तरं नीट मिळाली, तरच तो सौदा घाट चढेल.